पोत्यांआडची भिंत

गस टालंट ज्या घरावर काम करत असे, ते घर रस्त्यावरून दिसत नसे. छपराच्या कडेपासून थेट फुटपाथपर्यंत गोणपाटाची पोती एकमेकांना शिवून टांगलेली असत. आतून थापीचा आवाज येई आणि मधूनमधून गसचा: "मागं बघू नकोस."

हे तो आपल्या मुलीला सांगायचा.

आमच्या डब्लिनच्या त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना जॉर्ज राजांच्या वेळची घरं आहेत. लाल विटांची, खांद्याला खांदा लावून उभी. नक्षी म्हणाल तर दारावरच्या पंख्यासारख्या काचेपुरती; बाकी सगळं घर म्हणजे नुसती भिंत आणि खिडक्या. पहिल्या मजल्याच्या खिडक्या माणसाच्या दुप्पट उंच, कारण तिथे मालकांचा दिवाणखाना. त्यावरच्या त्याहून लहान. आणि अगदी वर, छपराखाली, चौकोनी भोकं. तिथे मोलकरणी झोपायच्या. स्वयंपाकघर तळघरात. कोणाची किंमत किती, ते या घरांनी दर्शनी भिंतीवरच मांडून ठेवलंय. माझी शेजारीण फिलो म्हणते, "माझी आजी त्या वरच्या भोकातून बाहेर बघायची. बसून. उभी राहिली तर डोकं आपटायचं."

त्या विटा हातानं थापलेल्या, भट्टीत वाकलेल्या. एक दुसरीसारखी नाही. तरी समोरून पाहिलं तर दोन विटांमध्ये पांढरी, सुतासारखी बारीक, पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ दिसते. ती रेघ म्हणजे टालंटांचं काम. दरजेत, म्हणजे विटांमधल्या फटीत, आधी पांढरा चुना भरायचा, मग त्याच्या दोन्ही अंगांना विटेच्या रंगाचा चुना असा बसवायचा की विटेची वाकडी कड झाकली जाईल आणि मधे रेघ तेवढी उरेल. वीट वाकडी ती वाकडीच राहते, बघणाऱ्याला सरळ वाटते. गसला हे त्याच्या बापानं दिलं, बापाला चुलत्यानं. दुसऱ्यानं बघून उचलू नये म्हणून पोती. त्या धंद्यातले सगळेच पूर्वी पोती टांगत. एकमेकांच्या घरी जेवत, पण एकमेकांच्या पोत्यांआड जात नसत.

मी गसला ओळखू लागले ते अंगावरून वारं जाऊन त्याचा उजवा हात आणि अर्धं तोंड लुळं पडल्यानंतर. रोज सकाळी त्याला अंघोळ घालायची, दाढी करायची, खुर्चीत बसवायचं, हे माझं काम. मी राहायलाही त्याच इमारतीत. आमच्या इमारतीची पुढची बाजू त्या जुन्या घरांच्या रस्त्यावरच उघडते, म्हणून गसची चाकांची खुर्ची खिडकीशी लावली की त्याला समोरच्या भिंती दिसत. दिवसभर तो त्यांच्याकडे बघत बसे.

जसिंता त्याची मुलगी, तेव्हा पन्नाशीला आलेली. आई गेली तशी तिची शाळा सुटली आणि ती बापाबरोबर परांचीवर चढली. गसला खरं तर हवा होता तिचा भाऊ डेक्लन. डेक्लन काही दिवस टिकला आणि ऑस्ट्रेलियात ट्रक चालवायला निघून गेला. मग गसनं मुलीला घेतलं, पण आपल्या पद्धतीनं. वाळू तिनं चाळायची, चुना तिनं विझवायचा, बादल्या तिनं वर न्यायच्या. थापी भिंतीला लावायच्या आधी तो म्हणायचा, "पाठ कर." मग ती भिंतीकडे पाठ आणि पोत्यांकडे तोंड करून उभी राहायची, गोणपाटाच्या भोकांतून खालचा रस्ता बघत. तिचं सगळं तरुणपण असं उभ्यानं गेलं.

एकदाच वळली. शाळा सोडून फार दिवस झाले नव्हते. गसनं थापीवरचा ओला चुना तिच्या तोंडावर फेकला. डावा डोळा तेव्हापासून पांढुरका आहे. हे मला खुद्द गसनं सांगितलं, दाढीसाठी हनुवटी वर करून.

"सांगितलं होतं, बघू नकोस. पुन्हा नाही बघितलं तिनं."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं की. चांगला मुरलेला चुना होता."

गसचा हात गेल्यावर जसिंता कचेऱ्यांतून लाद्या पुसायला जाऊ लागली. पहाटे जायची, बापाच्या न्याहारीला परत यायची. तसंच चालू राहिलं असतं. पण त्या वर्षी वसंतात मिसेस स्वान्झी जिना चढून वर आल्या. समोरच्या ओळीतलं मधलं घर त्यांचं. त्या घराची भिंत गसच्या बापानं शेवटची भरली होती. आता दरजा भुगा होऊन पडत होत्या.

मिसेस स्वान्झी खुर्चीवर बसल्या नाहीत. हातमोजे हातातच ठेवून म्हणाल्या, "टालंट, मला तुमच्या वडिलांसारखीच भिंत हवी आहे. तुमच्या मुलीला येतं का?"

"तिला पाठ करून उभं राहायला उत्तम येतं, बाईसाहेब."

जसिंता चहा गाळत होती. तिनं किटली खाली ठेवली. "मला येतं," ती म्हणाली.

गस हसला. त्याचं हसणं अर्ध्याच तोंडानं यायचं, त्यामुळे ते नेहमी कुचकं वाटे. पण फिलो म्हणायची की वारं जायच्या आधीही तसंच होतं.

"आमच्या ओळीतले बाकीचे लोक वाट बघताहेत," मिसेस स्वान्झी म्हणाल्या. "माझी भिंत चांगली झाली तर त्यांच्याही तुम्हालाच. नाही झाली, तर मग एकही नाही. मला स्पष्ट बोललेलं बरं वाटतं."

त्या गेल्या आणि जसिंता मला खाली अंगणात घेऊन गेली. मागं कोळशाची एक जुनी खोली आहे, विटांची. तिच्या आतल्या भिंतीवर, जिथे कोणी जात नाही, पांढऱ्या रेघा होत्या. पहिल्या वाकड्या, मग कमी वाकड्या, मग अगदी सरळ.

"हे कधी केलंस?"

"रविवारी, चर्चच्या मिस्साहून आल्यावर. कितीतरी वर्षं." तिनं बोट रेघेवरून फिरवलं. "भिंतीकडे बघितलं नाही, पण आवाज तर ऐकला ना. थापी कधी दाबली, कधी ओढली, सगळं कानात आहे. एकच गोष्ट कळलेली नाही."

ती गोष्ट म्हणजे हिराकस, लोखंडाचा हिरवट क्षार. वीट जुनी झाली की फिकी पडते. हिराकसाच्या पाण्यानं तिचा तांबडा रंग परत येतो. ते पाणी भिंतीला दरजा भरायच्या आधी लावायचं की सगळं झाल्यावर, हे जसिंताला माहीत नव्हतं. गस पहिल्या दिवशीही झाकलेली बादली घेऊन एकटा वर जायचा, आणि शेवटच्या दिवशीही. दोन्ही वेळा तिला खाली पाठवायचा. एका बादलीत हिराकस, दुसरीत नुसतं नळाचं पाणी. पोटच्या मुलीला कळू नये म्हणून त्यानं आयुष्यभर एक बादली पाणी चार मजले उगाच वाहिलं.

"मला एकदा भिंतीकडे तोंड करून उभं राहायचंय," जसिंता म्हणाली. "दिवसाढवळ्या. बास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साबणाचं पाणी ओतून आले, तर ती बापापुढं गुडघ्यांवर बसून त्याच्या पायाची नखं काढत होती.

"दा, हिराकस कधी लावायचं?" बापाला ती दा म्हणायची.

"आहेसच खाली, तर नीट विचार."

"दा, मेहेरबानी करून सांग. तू गेल्यावर कोणाला सांगणार आहेस?"

"मी कुठं चाललोय?"

"दा."

तो बराच वेळ तिच्या डोक्याकडे बघत राहिला. तिचे केस पिकले होते, चुन्यात काम करून राठ झाले होते. मला वाटलं, त्याच्या मनात काहीतरी हललं. हललंही असेल, पण ते काय होतं ते मला उशिरा समजलं.

"शेवटी," तो म्हणाला. "सगळ्या दरजा भरून झाल्या की वरून खालपर्यंत, विटा आणि रेघा सगळ्यांवरून. मग पोती बंद. दोन दिवस आत जायचं नाही, डोकवायचं नाही. आमच्यात बघत नाहीत. पोती पाडायची ती मालकासमोर."

जसिंताची कात्री थांबली. "पण पहिल्या दिवशी तू घरी यायचास तेव्हा तुझे हात हिरवट असायचे. वास यायचा."

"आदल्या घराचा."

"खरं?"

भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती, खाली छोटा लाल दिवा. या देशातल्या जुन्या घरांत ती असतेच. गसनं तिच्याकडे बघून चांगला हात वर केला, डावा. "त्याच्यासमोर सांगतो. शेवटी."

जसिंतानं त्याच्या पायांवर कपाळ टेकलं. इथे असं कोणी करत नाही. मी तोंड वळवलं.

उन्हाळाभर ती पोत्यांआड होती. एकटी. वाळू चाळणारीही तीच, थापी धरणारीही तीच. कधी कधी आतून गुणगुणणं ऐकू यायचं. फिलो खालून ओरडायची, "जसिंते, आत कोणाला लपवलंयस गं? देखणा असेल तर बाहेर काढ!"

"देखणा आहे!" वरून उत्तर यायचं. "पण चार मजली आहे, तुला झेपायचा नाही!"

फिलोनंच तिला एकदा माझ्यासमोर विचारलं, "हिराकस आधी कोळशाच्या खोलीवर लावून का नाही बघत?"

जसिंता एकदम गंभीर झाली. "त्यानं तसबिरीसमोर शपथ घेतलीय. आता मी करून बघायचं म्हणजे बापाला खोटं ठरवायचं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मला काही दिलंय, फिलो. ते मी तपासून घेऊ?"

फिलोनं खांदे उडवले. मला जसिंताचं पटलं. मीही शपथेला मानणारी बाई आहे.

एका शनिवारी दरजा संपल्या. हिराकस लावायच्या आधी जसिंतानं मला वर बोलावलं. मी घाबरत घाबरत परांची चढले. पोत्यांच्या आत उजेड मधासारखा होता. आणि ती भिंत. फिक्या विटा, त्यांच्यामधून पांढऱ्या रेघा, इतक्या बारीक की हात लावायची भीती वाटावी. पहिल्या मजल्याच्या उंच खिडक्यांवर विटांच्या कमानी होत्या. तिथे रेघा हाताच्या बोटांसारख्या पसरल्या होत्या. वरच्या मोलकरणींच्या खिडक्यांभोवतीही तेवढ्याच नीट. मी म्हटलं, "इतकं वर कोण बघणार?"

"मी," ती म्हणाली.

मग तिनं बादली उचलली आणि मला खाली पाठवलं.

सोमवारी सकाळी गसनं मला दोनदा दाढी करायला लावली. "आज नीट कर. लोक असतील." मी त्याची खुर्ची ढकलत त्या घरासमोरच्या फुटपाथवर नेली. मिसेस स्वान्झी आल्या होत्या, ओळीतले आणखी काही मालक आले होते, आमच्या इमारतीतल्या बायका हात पुसत खाली आल्या होत्या. जसिंतानं चर्चला जायचा निळा कोट घातला होता. दोर तिच्या हातात होता. तिनं बापाकडे बघितलं. गसनं मान हलवली.

तिनं दोर ओढला. पोती वरून सुटली आणि एकावर एक खाली कोसळली.

विटा गडद तांबड्या झाल्या होत्या, सुंदर. आणि रेघा गंजलेल्या. सगळ्या भिंतीभर, प्रत्येक विटेभोवती, जुन्या खिळ्याखालून ओघळतो तसा पिवळट तपकिरी गंज. खिडक्यांखालच्या दगडांवर त्याचे ओघळ आले होते. पांढरं असं कुठं काही उरलंच नव्हतं.

मागून कोणीतरी हळूच विचारलं, "हे असंच असतं का?"

जसिंता दोर धरून उभी होती. तिच्या कानात आता काय ऐकू येत असेल, याचा मी विचार करत होते. इतक्यात माझ्या हाताखालच्या खुर्चीतून आवाज आला, मोठ्यानं, सगळ्यांना जाईल असा.

"पाठ कर, जसिंता. लोक बघताहेत."

ती वळली आणि बापाकडे बघत राहिली. एक चांगला डोळा, एक पांढरा. मला वाटलं, ती ओरडेल. तिनं हातातला दोर गुंडाळायला घेतला.

मिसेस स्वान्झींनी हातमोजे चढवले. "पावसानं जाईल का हे?"

"नाही," जसिंता म्हणाली.

"मग तेवढ्या पायऱ्या धुवून जा. सगळीकडे शिंतोडे आहेत. साफसफाई तुम्ही चांगली करता असं ऐकलंय."

आणि जसिंता निळ्या कोटाच्या बाह्या वर करून त्या दगडी पायऱ्यांवर गुडघे टेकून बसली आणि घासू लागली. फिलो पुढं झाली तर तिनं हातानंच थांबवलं. लोक पांगेपर्यंत ती घासत होती. गसनं मला खुर्ची हलवू दिली नाही. त्याला सगळं बघायचं होतं.

घरी आल्यावर तिनं विचारलं. रागानं नाही, कोट न काढताच, हळू आवाजात.

"का, दा?"

"माझ्या बापानं मला सांगितलं होतं, दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नकोस. डेक्लन असता तर गोष्ट वेगळी. बाईनं भिंत भरली असं टालंटांच्या नावावर लागायला नको."

"तू शपथ घेतलीस. त्याच्यासमोर."

"डाव्या हातानं," गस म्हणाला. "डाव्या हाताची धरत नाहीत."

मी तसबिरीखालच्या त्या लाल दिव्याकडे बघत होते. देव सगळं बघतो, असं मला लहानपणापासून शिकवलंय आणि मी ते मानते. पण त्या दिवशी वाटलं, बघत असेल तर त्यालाही कोणीतरी पाठ करून उभं केलेलं असावं. नंतर मी त्याबद्दल माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर गसची खुर्ची खिडकीशी नव्हती. आतल्या भिंतीला टेकवलेली, तोंड भिंतीकडे. चाकांना तिनं लाकडाचे ठोकळे लावले होते. समोर हातभर अंतरावर फिका कागद चिकटवलेली कोरी भिंत, बाकी काही नाही.

"जसिंता, त्यांना उजेडात तरी..."

"राहू दे. त्याला भिंती आवडतात."

मी अंघोळीसाठी त्याला वळवायची, ती पुन्हा तसंच बसवायची. त्याचं खाणंपिणं, औषधं, चादरी, कशातही तिनं कमी केलं नाही. सूप गार झालेलं मी कधी पाहिलं नाही. फक्त खुर्ची तशीच, आणि ती त्याच्याशी बोलत नसे.

गसनं आधी शिव्या दिल्या. मग समोरून यंत्राचा आवाज येऊ लागला.

मिसेस स्वान्झींनी दुसरी माणसं लावली होती. हातात धरायची विजेची चक्री घेऊन ती माणसं दरजा कापत होती. मऊ, जुन्या विटा. चक्री थोडी सरकली की विटेची कड उडायची. कापलेल्या जागी ती करडं सिमेंट भरत होती. तांबडी धूळ आमच्या खिडकीतून आत येऊन चहावर बसायची. जसिंतानं खिडकी लावून घेतली नाही.

"काय चाललंय?" गस भिंतीला विचारायचा. "जसिंता, काय करताहेत?"

शेवटी मीच सांगितलं, "दरजा कापताहेत. सिमेंट भरताहेत."

"सिमेंट?" त्यानं चांगला हात खुर्चीवर आपटला. "पाणी आत कोंडून त्या विटा फुटतील. एका हिवाळ्यात तोंडं उडतील त्यांची. माझ्या बापाची भिंत आहे ती."

"हो," मी म्हटलं. याहून काय म्हणणार?

त्यानंतर फिलो आली, हातात गरम ब्रेड घेऊन. तिला गसबद्दल कधीच माया नव्हती, आणि जिभेवर ताबा तर नव्हताच. "गस, पबमध्ये काय म्हणताहेत माहिताय? म्हणे टालंटांना काम कधी येतच नव्हतं. म्हणून तर पोती टांगायचे!"

गसच्या मानेवरची शीर उडत होती. दोन दिवस त्यानं घास घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी मी दाढी उरकून भांडं धूत होते, अंघोळीला उशीर झाला होता. जसिंता शेजारी मोरीशी बटाटे सोलत होती, बापाकडे पाठ करून. समोर चक्री चालूच होती.

"जसिंता," गस म्हणाला. "ये इकडे. सांगतो."

ती सोलत राहिली.

"सगळं सांगतो. खरं. तू पुन्हा भर ती भिंत. त्यांना दाखव टालंटांचं काम काय असतं ते. हिराकस आधी, पोरी. सगळ्यात आधी, कोरड्या विटेवर. आणि किती पातळ करायचं तेही सांगतो. आणि कमानीवर थापी कशी धरायची..."

बारा वाजायला आले होते. जसिंतानं ओले हात पुसले आणि रेडिओचा कान पिरगाळला. इथे रेडिओवर रोज बाराला लागतात त्या दुपारच्या प्रार्थनेच्या घंटा सुरू झाल्या. तिनं आवाज वाढवला, आणखी वाढवला, खोली भरून जाईपर्यंत. मी सवयीनं मान खाली घातली. घंटांच्या खालून गसचा आवाज येत होता, ओढूनताणून, अर्ध्या तोंडातून. तो त्या कोऱ्या भिंतीला सगळं सांगत होता. त्याच्या बापानं सांगितलेलं, बापाच्या चुलत्यानं सांगितलेलं. मला एक शब्दही धड लागला नाही.

शेवटची घंटा विरली. जसिंतानं रेडिओ बंद केला आणि पुढचा बटाटा घेतला.

"ऐकलंस?" गसनं विचारलं. त्याला धाप लागली होती. "ऐकलंस ना, पोरी?"

"नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडे पाठ होती माझी."